मुलाची पहिली बंदूक

अमेरिकेत टर्की या रानपक्ष्याच्या वासंतिक शिकारीस मुलाला सोबत नेणारा बाप, बारा बोअरचा धक्का कोवळ्या खांद्यास असह्य होईल हे जाणून, बहुधा वीस बोअरची हलकी बंदूक पसंत करतो; परंतु भारतातील जामसर गावच्या रानात, मोर व रानकोंबडे कितीही मोहात पाडोत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मज्जाव आहे आणि २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदुकीचा परवानाही सहसा मिळत नाही, म्हणून हौशी पालकाने लक्ष्यभेदाच्या छऱ्याच्या बंदुकीचाच विचार करावा.

निवड मात्र त्याच तत्त्वांवर करावी. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला असता बोटाचे पहिले पेर घोड्यापर्यंत सहज पोहोचले पाहिजे. पुढे मूल वाढेल म्हणून लांब दस्ता घेणे ही काटकसर नव्हे, मान वाकडी करून नेम धरण्याची दीक्षाच होय. दुकानदार वेगाचे आकडे ऐकवील, ते खुशाल ऐकून सोडून द्यावेत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न प्रबळ डोळ्याचा: दोन्ही तळव्यांच्या फटीतून दूरचे झाड पाहून आळीपाळीने डोळे मिटावेत, ज्या डोळ्याने झाड फटीतच दिसते, त्याच बाजूच्या खांद्यास बंदूक लावणे श्रेयस्कर.

दहा मीटरच्या स्पर्धेत ४.५ मिलिमीटरचा छरा वापरतात आणि दहा गुणांचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, तथापि बालकास ती प्रारंभी आधारावर ठेवूनच द्यावी, आणि नळीचे तोंड कोणाकडेही न वळवण्याचा दंडक रिकाम्या बंदुकीसही लागू ठेवावा.