‘थोडं आधी आणलं असतं तर?’

‘डॉक्टर, थोडं आधी आणलं असतं, तर वाचली असती का?’ सरकारी रुग्णालयातल्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. व्हिन्सेंट गॅलो यांच्या ‘द ब्राउन बनी’ या चित्रपटातला बडही असाच प्रश्न उराशी घेऊन फिरतो. फक्त तो कुणाला विचारत नाही.

बड मोटारसायकल शर्यतपटू. न्यू हॅम्पशायरमधली शर्यत आटोपून तो व्हॅनने एकटाच कॅलिफोर्नियाला निघतो. पडद्यावर बराच वेळ नुसता रस्ता आणि शांतता. वाटेत भेटलेल्या स्त्रियांशी तो घटकाभर जवळीक करतो आणि निघून जातो. २००३ साली कान महोत्सवात या चित्रपटाची हुर्यो उडवली गेली. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी तर तो महोत्सवाच्या इतिहासातला सर्वांत वाईट चित्रपट ठरवला. पुढे सुमारे २५ मिनिटं कापल्यावर त्यांनीच त्याचं कौतुक केलं. शेवटाकडच्या उघड लैंगिक दृश्यावरचा वाद मात्र शमला नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा उलगडा. बडची प्रेयसी डेझी आधीच मरण पावलेली आहे. पार्टीत नशेने बेशुद्ध पडलेल्या डेझीवर अत्याचार झाला आणि उलटीने गुदमरून ती गेली. बडने तो प्रकार पाहिला होता, पण मदत न करता तो निघून गेला होता.

नशेत बेशुद्ध पडलेल्या माणसाला ‘झोपू दे’ म्हणून उताणं सोडू नये. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावं, १०८ ला फोन करावा आणि सोबत थांबावं.

दुःख हा आजार नव्हे. पण सहा महिने उलटूनही तीव्र ओढ, अपराधीपणा कमी होत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला लांबलेल्या शोकाचा विकार म्हणतात. त्यावर मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

नातेवाइकांच्या त्या प्रश्नाला पूर्वी मी ‘नाही हो’ म्हणून पुढे जात असे. आता खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, ‘त्या रात्री काय काय झालं, सांगाल?’