फ्रीजमधला दिवा आणि पिवळा ऊस



आपल्यापैकी अनेकांची मुलंबाळं कामधंद्यासाठी ठाणे, कल्याण-डोंबिवली भागात राहतात. म्हणून मागल्या पावसाळ्यात डोंबिवलीला थोरल्या बहिणीकडे आलेला अनुभव इथं मांडतो.

ताईच्या फ्रीजमधला एलईडी दिवा महिनाभर लुकलुकत होता. थंडावा मात्र ठीक होता. ठाण्याहून आलेल्या कारागिराने आत न बघताच "मेन बोर्ड बदला" असं सांगितलं. खर्च ऐकून ताई फ्रीजच भंगारात काढायला निघाली.

मी म्हटलं, "ताई, थांब जरा. ऊस पिवळा पडला की आमचे सभासद लगेच युरियाचं पोतं उचलतात. आधी मुळाशी पाणी तुंबलंय का, ते बघावं लागतं."

पूर्वी फ्रीजमध्ये १५ वॉटचा बल्ब असे. आता एलईडीची पट्टी असते. तिला बहुधा बोर्डाकडून १२ व्होल्टचा डी.सी. प्रवाह मिळतो, काही फ्रीजमध्ये मात्र थेट २३० व्होल्ट येतात. म्हणून प्लग काढल्याशिवाय हात लावू नये. पट्टीतले दिवे एकामागे एक जोडलेले असतील, तर एक गेला की सगळी ओळ विझते. दंड फुटला की पुढच्या सरीला पाणी मिळत नाही, तसंच. लुकलुकत असेल, तर दाराचं बटण, सैल जोड आणि ओल आधी तपासावी.

गल्लीतल्या जाणत्या वायरमनला बोलावलं. प्लग काढून त्याने दिव्याचं झाकण उघडलं, तर जोडावर हिरवट गंज! दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं. तिथून पावसाळी दमट हवा आत शिरून ओल धरत होती. जोड साफ करून कोरडा केला, रबर कोमट पाण्याने शेकून बसवलं. दिवा स्थिर झाला. बोर्डाला काहीच झालं नव्हतं. नुसता बोर्ड बदलला असता, तर ओल तशीच राहिली असती.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नव्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो; फ्रीजच्या आत सोल्डरिंग करू देऊ नये, पट्टी बाहेर काढूनच करावं. दार लावल्यावर दिवा विझतो का, हे बघायचं असेल तर मोबाईलवर व्हिडिओ चालू करून क्षणभर आत ठेवावा. दिवा चालूच दिसला, तर आधी बटण तपासावं.

आणि शिवारात ऊस पिवळा दिसला, तर युरियाआधी गट कार्यालयात निरोप द्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी