मरूनच्या आतला मरून

गाडीला पॉलिश ‘मारतात’, असं आपण म्हणतो. बुटाला मारतात, कपाटाला मारतात, तसंच गाडीलाही. त्यामुळे वाटतं, की बाहेरून काहीतरी आणून पत्र्यावर चढवायचं आहे. मशिनने करायच्या पॉलिशचा मामला नेमका उलटा आहे. त्यात वरचा मेलेला रंग अगदी बारीक थराने घासून काढायचा आणि खालचा जिवंत रंग उजेडात आणायचा. म्हणजे चकाकी वाढते तसा रंग कमी होतो, आणि गेलेला रंग परत येत नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं, की बाकीचं काम दोन रविवारांत घरच्या घरी शिकण्यासारखं आहे.

आमची गाडी १९८८ सालची प्रीमिअर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टीअरिंगपाशी गिअरची दांडी असलेली, रंगाने मरून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. घरोघरी जपलेल्या काही अजून धावताहेत. आमचीचं इंजिन ठणठणीत, पण रंगाची रया गेली होती. टप आणि बॉनेट फिकट गुलाबी झालेले. हात फिरवावा तर तळव्याला खडूसारखी भुकटी. गॅरेजवाला म्हणाला, ‘साहेब, पत्रा उघडा करून नवा रंग मारू.’ अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. ते एवढंच म्हणाले, ‘नवा रंग दिलास तर ती दुसऱ्या कुणाची तरी गाडी दिसेल.’ झालं! पॉलिशर विकत आणण्यावाचून मला गत्यंतर उरलं नाही.

सल्ले फुकट मिळाले. टूथपेस्ट लावा, रॉकेलने पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. तेलाने चकाकी येते खरी, पण ती ओल्या फरशीसारखी. दुसऱ्या दिवशी धूळ मात्र दुप्पट.

रंग असा का होतो? उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारं राळेसारखं द्रव्य वरच्या थरात मोडतं आणि रंगद्रव्य भुकटीसारखं सुटं होतं. लाल छटांना ऊन विशेष बाधतं. त्यात आपल्या सोसायट्यांमधली रोजची धुलाई. एक बादली, एक फडका आणि दहा गाड्या! फडक्यात अडकलेली रेती रोज रंगावर फिरते. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते तिचेच.

हात घालण्याआधी दोन परीक्षा कराव्यात. पहिली, दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या कापडावर जरासं पॉलिश घेऊन घासायचं. कापडाला गाडीचा रंग लागला, तर रंग जुन्या पद्धतीचा, एकाच जातीच्या थराचा. आमच्या कापडाला मरून लागला. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो. तिथे कापड रंगलं तर तो थर संपला असं समजून थांबावं. दुसरी परीक्षा फ्रिजवरच्या लोहचुंबकाची. पातळ कापडात गुंडाळून तो पत्र्यावर फिरवला, की जिथे नीट चिकटत नाही तिथे खाली लांबी भरलेली आहे, म्हणजे कधीतरी ठोकपीट झाली आहे. आमच्या उजव्या मडगार्डाने हे गुपित लगेच फोडलं. अण्णांनी त्यावर काही बोलायचं टाळलं.

आता थोडा हिशेब. आजच्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन जाड असतो. मिलिमीटरचा दहावा-सातवा भाग, फार तर दोन केसांची जाडी. जुन्या गाडीवर आधीच्या किती पॉलिशांनी किती खाल्लं, ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात करायची. भागलं नाही, तरच वरची पायरी.

नवशिक्याने मशीन ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ घ्यावं. साधं रोटरी एकाच आसावर गरगर फिरतं आणि एका जागी रेंगाळलं तर रंग तापवून जाळतं. ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता डुलतं आणि जास्त दाबलं तर त्याचं फिरणंच बंद पडतं. पॅडमागच्या चकतीवर काळ्या पेनाने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसत नसेल तर नुसतीच थरथर चालली आहे.

गाडी सावलीत, पत्रा गार. आधी नीट धुऊन क्ले फिरवायची, म्हणजे रुतलेले कण निघतात. पत्र्याच्या कडा आणि उठलेल्या रेघांवर मास्किंग टेप लावायची, कारण तिथे रंग सर्वांत पातळ. दीड-दोन फुटांचा चौकोन घ्यावा, पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करावं आणि टेकलेलं असतानाच बंद करावं. हात मुंगीच्या चालीने, एकदा आडवा, एकदा उभा. घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल आधी उतरवा. वायर खांद्यावर, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क.

पहिला चौकोन पुसला, तेव्हा पॅड रक्ताळल्यासारखं लाल झालं होतं आणि खाली काचेसारखा गडद मरून होता. शेजारी गुलाबी, मध्ये मरून. मी मुद्दाम अण्णांना खाली बोलावलं. ते बराच वेळ काही न बोलता उभे राहिले आणि मग म्हणाले, ‘शोरूममधून आणली तेव्हा अशी होती.’

नखाला लागणारा ओरखडा पॉलिशने जात नाही; तो घालवायचा तर तेवढा रंग घालवावा लागतो. डाव्या दाराच्या हँडलमागे तसे पंधरा-वीस आहेत. आईच्या बांगड्यांचे. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. तिथे मशीन लावलंच नाही. हाताने मेण तेवढं चोळलं.

दर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा नवा हात द्यावा लागतो, तो मी देतो. धुण्याचं खातं अण्णांनी आपल्याकडे घेतलं आहे. गाडी पुसणाऱ्या मुलाला त्यांनी दोन बादल्या आणून दिल्या, एक साबणाची, एक फडका खळबळायची. रोज सकाळी तो मुलगा आधी आमची बेल वाजवतो आणि फडका पिळून अण्णांना दाखवतो.