भंगारातली वॉशिंग मशीन आणि तिचा खरा हिशेब

या आठवड्याच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या जुन्या वॉशिंग मशीन आणि ड्रायर जमवून चालू करणाऱ्या लोकांचा विषय घेतला होता. बारा मिनिटांत सगळं बसलं नाही. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्यांनी त्यातला हिशेबाचा भाग नीट बघावा असं मला वाटतं, म्हणून इथे लिहून देतोय.

आधी हे वेड किती मोठं आहे ते बघा. कोलोरॅडो राज्यातल्या ईटन गावात ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराच्या वर वॉशिंग मशीन जमवल्या. लाकडी टबाच्या, हाताने फिरवायच्या, इंजिनवर चालणाऱ्या, सगळ्या. गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याकडे जुनी गाडी जपणाऱ्याला हौशी म्हणतात आणि जुनी मशीन जपणाऱ्याला येडा. तिकडेही फार वेगळं नसावं!

आता आपल्या कामाची गोष्ट. या मंडळींत सगळ्यात लाडकं एक नाव म्हणजे मेटॅग, आयोवा राज्यातल्या न्यूटन गावची कंपनी. १८९३ मध्ये सुरू झाली ती शेतीच्या अवजारांसाठी. मळणीयंत्राला पेंढ्या भरवायचं उपकरण बनवायचे. पण सुगी संपली की गिऱ्हाईक गायब. ऑफ-सीझनला कारखाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून १९०७ मध्ये त्यांनी लाकडी टबाची मशीन काढली. पुढे खेड्यांत वीज नव्हती, तर टबाखाली पेट्रोलचं छोटं इंजिन बसवलं, पायाने किक मारून चालू करायचं. १९२२ मध्ये ॲजिटेटर टबाच्या तळाशी आणला आणि त्यानंतर धंदा असा चालला की जोडधंदाच मूळ धंदा झाला.

गंमत म्हणजे आज ते छोटं इंजिन वेगळं जमवणारेही भरपूर आहेत. म्हणजे इंजिन कपाटात मानाने बसतं आणि टब अंगणात कुंडी होतो.

मेटॅगने रोलरमधून कपडे पिळायची जुन्या पद्धतीची मशीन १९८३ पर्यंत बनवली. तोवर ऑटोमॅटिकला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती. बेंडिक्सची घरगुती ऑटोमॅटिक १९३७ ची. ती तर जमिनीला बोल्टने आवळायला लागायची, नाहीतर स्पिनला चालायला लागायची. पण एखादं मॉडेल इतकी वर्षं निघत राहिलं की काय होतं? स्पेअर मिळतं. एका भंगार मशीनचा पार्ट दुसरीला बसतो. उलट फ्रिजिडेअरची १९४७ ची ऑटोमॅटिक घ्या. तिचा ॲजिटेटर गोल फिरायच्या ऐवजी वर-खाली होतो, बघायला एकदम भारी, पण आतलं मेकॅनिझम तिचं स्वतःचं. ते बिघडलं की तसलीच दुसरी मशीन शोधा.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरुवात दुर्मिळ मशीनपासून करू नका. जी सगळ्यात जास्त विकली गेली ती घ्या. दुर्मिळ माल दुकानात मिरवायला चांगला, पण पैसा अडकतो.

काम काय असतं? रबराचं सगळं बदलायचं: पट्टा, होज, ऑइल सील. बेअरिंग बहुतेक वेळा स्टँडर्ड साईजचं असतं, नंबर वाचून बेअरिंगच्या दुकानात मिळू शकतं, नाहीतर बुश लेथवाल्याकडून करून घ्यायचा. अमेरिकन मशीनला इंचाचे पाने लागतात हे लक्षात ठेवा. पत्र्याचा गंज निघतो, रंग देता येतो. पण टबावरचं चिनी मातीसारखं एनॅमल उडालेलं असेल तर ते भट्टीत भाजूनच परत होतं, स्प्रेने नाही. म्हणून घेताना आधी टब बघा, मोटर नंतर.

आता आकडे. हे उदाहरण आहे, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. समजा मशीन ३,००० ला मिळाली, पार्टसाठी दुसरी भंगार २,००० ला. सील, बेअरिंग, वायरिंग, रंग मिळून ४,०००. आणि तुमचे ४५ तास, तासाला २०० धरले तर ९,०००. झाले १८,०००. शोरूममध्ये नवी सेमी-ऑटोमॅटिक याहून स्वस्त मिळते! आपले बरेच दुकानदार शेवटचे ९,००० लिहीतच नाहीत. "माझंच तर काम आहे" म्हणतात. मग वर्षभर राबून गल्ल्यात काही दिसत नाही आणि घरी बायको विचारते, "तुम्ही दिवसभर करता काय?"

मग घेणार कोण? कपडे धुवायला कोणीच नाही. जुन्या काळातला सिनेमा किंवा मालिका करणारे, कॅफेवाले, आणि ज्याच्या आईची ती मशीन होती तो. पहिल्या दोघांना भाड्याने द्या, मशीन तुमचीच राहते. तिसऱ्याकडून निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नका, कारण भावना मोठी असते पण बिल बघितल्यावर लहान होते.

एखाद्या नातेवाइकाने अमेरिकेतून जुनी मशीन पाठवली तर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, फ्रिक्वेन्सी जुळत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. साधी इंडक्शन मोटर साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरते, टायमरही तेवढाच मागे पडतो, आणि मोटर जास्त तापते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आणि सुरक्षिततेत काटकसर नको. जुन्या मशीनला दोन पिनचा प्लग असतो, अर्थिंग नाही. पाणी, लोखंडी बॉडी आणि वीज एका ठिकाणी! तीन कोअरची नवी वायर, बॉडीला अर्थ, लाईनवर ईएलसीबी, हे झाल्याशिवाय चालू करून दाखवायचंही नाही. जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९७९ मध्ये बंद झालं, त्याआधीचा कपॅसिटर गळत असेल तर उघड्या हाताने धरू नका. जुन्या ड्रायरच्या हीटरजवळ ॲस्बेस्टॉस असू शकतो, तिथे हवेचा फवारा मारायचा नाही. रोलरवाल्या मशीनमध्ये बोटं, केस, साडीचा पदर सगळं ओढलं जातं. रोलर पटकन सोडायचा खटका चालतोय का, ते डिलिव्हरीआधी गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवा.

बिलावर "फक्त शोभेसाठी" किंवा "चालू स्थितीत, अर्थिंग तपासून दिली" यांपैकी एक ओळ लिहा आणि खाली सही घ्या. बिलाचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो.