कंपनीलाही हिशेब द्यावा लागतो



गावात पाण्याची टाकी बसते, शाळेला बाकं मिळतात आणि वर कंपनीच्या नावाची पाटी लागते. आपण म्हणतो, "कंपनी मोठ्या मनाची!" मन मोठं असेलही, पण पुष्कळदा त्यामागे कायदा असतो. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणतात.

कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आदल्या वर्षी निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, यातलं एक जरी असलं किंवा त्याहून जास्त असलं, तरी त्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. सरासरी नफा १० कोटी, तर खर्च २० लाख.

हे ठरवतं कोण? कंपनीचं संचालक मंडळ. आपल्या गटात जसा ठराव होतो, प्रोसिडिंगला नोंद होते, तसंच तिथंही. किती खर्च करायचा होता, किती केला, उरला तर का, हे मंडळाला दरवर्षी अहवालात लिहावं लागतं. २०२१ पासून नुसतं कारण सांगून भागत नाही. चालू कामाची उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते, बाकीची सरकारनं ठरवलेल्या निधीत भरावी लागते. मंजूर कामं संकेतस्थळावर टाकावी लागतात.

आपल्या खामगावात हिंदुस्तान युनिलिव्हरचा कारखाना आहे, मुख्यालय मुंबईत. पण अशा कंपन्यांचे अहवाल कुणालाही मोबाइलवर पाहता येतात. कॉलेजात जाणाऱ्या लेकीला सांगा, ती उघडून वाचून दाखवेल.

एक लक्षात ठेवा. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदा सांगतो. पण म्हणून एखाद्या गावाला ठरावीक रक्कम हक्कानं मागता येत नाही. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च किंवा राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात धरत नाहीत.

अहवालात "महिलांना प्रशिक्षण" अशी एक ओळ छापलेली असते. प्रशिक्षण खरंच झालं का, टाकीला पाणी येतं का, हे मुंबईपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत आपल्या भागातल्या एका कंपनीचा अहवाल वाचा. यादीतलं काम गावात जाऊन पाहा. फरक दिसला, तर गटाचा ठराव करून कंपनीला पत्र लिहा आणि पोच जपून ठेवा.