कॅमेऱ्याचा मानदंड आणि आपले चेहरे

छायाचित्रण हे निव्वळ तंत्र आहे. त्याला जात नाही, रंग नाही, पक्ष नाही, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षितांत रूढ आहे. मी गेली अनेक वर्षे चळवळीच्या मेळाव्यांची छायाचित्रे काढतो, त्यांतून भित्तिपत्रके आणि पुस्तकांची मुखपृष्ठे रचतो. या कामातून माझे मत असे बनले आहे की, तंत्र नि:पक्षपाती नसते. ज्यांनी ते घडविले, त्यांचाच चेहरा त्यात ‘सर्वसामान्य’ म्हणून बसविलेला असतो. मात्र ते कसे चालते हे एकदा समजले की, ते आपल्या बाजूने वापरता येते. या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

प्रथम एक खुलासा. जात कातडीच्या रंगावरून ओळखता येते, हा समज खोटा आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात आर्यवंशाचा सिद्धान्त खोडून काढला. तेव्हा मी येथे वंशाची नव्हे, प्रकाशाची गोष्ट करतो आहे. उन्हातान्हात राबणारे चेहरे रापतात, काळवंडतात; आणि गोरेपण म्हणजेच सौंदर्य हा प्रस्थापितांचा दंडक सर्वाधिक जाचतो तो याच चेहऱ्यांना.

या दंडकाला यंत्रातही स्थान मिळाले. रंगीत छपाई बरोबर झाली की नाही हे प्रयोगशाळेत ताडून पाहण्यासाठी कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून एका गोऱ्या तरुणीच्या छायाचित्राचे कार्ड पुरवीत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती नीट उतरली की रंग बरोबर, असे गणित होते. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली हा इतिहास मांडला. गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत याची दखल कंपनीत घेतली गेली, ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनविणाऱ्यांनी तक्रार केल्यावर. काळ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी जी निकड वाटली नाही, ती चॉकलेटसाठी वाटली!

फिल्म मागे पडली, डिजिटल आले. मानदंड मात्र सहजासहजी गेला नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ठरविणाऱ्या तीन संगणकीय प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती; काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्राला जे चेहरे शिकवायला दिले, तेच त्याला ओळखता आले.

आता कॅमेऱ्याच्या पोटातले गणित पाहू. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत फेकते, असे प्रकाशमापक गृहीत धरतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पांढऱ्या साड्या नेसलेल्या शेकडो स्त्रिया रांगेत उभ्या असतात. मापक त्या पांढऱ्या रंगाला करडे करू पाहतो आणि उजेड कमी करतो. परिणामी साडी करडी होते आणि आईबहिणींचे चेहरे काळे डाग होऊन बसतात. याला उपाय असा: मोजमाप पूर्ण दृश्याचे न घेता चेहऱ्याचे घ्यावे, किंवा एक्स्पोजर सुमारे एक स्टॉप वाढवावा. मोबाइल असेल, तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून सूर्याची खूण वर सरकवावी. साडीचा पोत थोडा हरवला तरी चालेल, चेहरा हरवता कामा नये. याउलट, सावळा चेहरा जवळून आणि गडद पार्श्वभूमीवर घेतला, तर मापक उजेड वाढवून त्याला फिकट, राखाडी करतो. तेथे एक्स्पोजर कमी करावा लागतो.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. बारा बिटांच्या रॉ फाइलमध्ये ४०९६. त्यांतल्या २०४८ सर्वांत उजळ स्टॉपला जातात, पुढच्याला १०२४, आणि सहाव्या स्टॉपपर्यंत उतरता केवळ ६४ उरतात. म्हणजे अंधाऱ्या छटांच्या वाट्याला यंत्र सर्वांत कमी देते. तेव्हा सावळा चेहरा अंधारात टिपून नंतर संगणकावर उजळू गेल्यास तपशील मिळत नाही, केवळ दाणे मिळतात. उजेड टिपतानाच द्यावा, आणि शक्यतो रॉमध्ये टिपावे.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या दिशेची. गडद कातडी कमी उजेड परतविते, पण तिच्यावरची चमक ठळक असते आणि त्या चमकेनेच गालाचा, कपाळाचा आकार दिसतो. समोरून फ्लॅश मारला की चेहरा सपाट होतो. दुपारी झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत बसवून, एका बाजूला पांढरी चादर धरली तरी पुरते. समूहचित्रात सावळ्या माणसांना उजेडाच्या बाजूला उभे करावे.

चित्रकार मित्रांसाठी एवढेच सांगतो: सावळा रंग म्हणजे गोऱ्या रंगात काळा मिसळणे नव्हे. तसे केले की चेहरा मळकट, निर्जीव होतो. तपकिरीत तांबडा घ्या. आभाळाकडच्या बाजूला निळसर झाक द्या. छापखान्यात स्वस्त कागदावर शाई पसरते, ठिपके फुगतात आणि गडद छटा एकमेकींत बुडतात. म्हणून फाइल पाठविण्यापूर्वी त्या छटा थोड्या मोकळ्या कराव्यात.

परंतु मोकळे करणे आणि गोरे करणे यांत फरक आहे. वस्तीतल्या मुली स्थळासाठी फोटो काढायला जातात, तेव्हा त्यांना न विचारताच कांती उजळून दिली जाते. आता ते काम मोबाइलमधले ‘ब्यूटी’ बटण करते. ही सोय नव्हे, हा निवाडा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार रॉय डिकारावा यांनी हार्लेममधील माणसांची चित्रे जाणीवपूर्वक गडद ठेवली. त्या काळोखातच त्यांनी चेहऱ्यांचे बारकावे जपले. १९५५ साली ती कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या शब्दांसह पुस्तकरूपाने आली. काळेपणा पुसावा लागत नाही, तो नीट दाखवावा लागतो, हे त्यांनी करून दाखविले.

शाळांत, शिबिरांत आज प्रत्येक तरुणाच्या हाती कॅमेरा आहे. आपले मोर्चे, आपली माणसे उद्याच्या इतिहासात कशी दिसतील, हे तो तरुण ठरविणार आहे. यंत्राने ठरविलेली सरासरी त्याने निमूटपणे स्वीकारू नये. शिक्षकांनी भाषण कसे करावे हे जसे शिकविले, तसेच उजेड कसा मोजावा हेही शिकविले पाहिजे.