‘व्हॅलिड’, पण कोणत्या स्कीमानुसार?

एका एक्सएमएल फाइलमध्ये दोन-तीन शब्दसंग्रह एकत्र नांदणं आता नेहमीचंच आहे. ॲटम फीडच्या नोंदीत एक्सएचटीएमएलचा मजकूर असतो, त्या मजकुरात मॅथएमएलमधलं समीकरण किंवा एसव्हीजीमधली आकृती असते. कोणता घटक कोणत्या संग्रहातला, हे नेमस्पेसवरून कळतं. अशी फाइल एडिटरमध्ये तपासताना काही समजुती मात्र घात करतात.

गैरसमज : एडिटर ‘व्हॅलिड’ म्हणाला, म्हणजे सगळी फाइल तपासली गेली.

ही समजूत सर्वांत घातक. ॲटमचंच बघा. आरएफसी ४२८७ (डिसेंबर २००५) या मानकाला रिलॅक्स एनजीमधला स्कीमा जोडलेला आहे. त्यानुसार एक्सएचटीएमएलच्या ‘डिव्ह’मध्ये त्याच नेमस्पेसचा कुठलाही घटक, कुठल्याही क्रमाने चालतो. परिच्छेदाच्या पोटात यादी घाला किंवा एक्सएचटीएमएलमध्ये नसलेला टॅग रचा, स्कीमा हूं की चूं करत नाही. याच ‘डिव्ह’मध्ये मॅथएमएल आलं, की मात्र लाल रेघ उमटते. ती रेघही अंतिम निकाल नव्हे, कारण तो स्कीमा केवळ माहितीसाठी आहे. अनुरूपता ठरते ती मानकाच्या मजकुरावरून.

ईमॅक्सच्या एनएक्सएमएल मोडमध्ये तर लागू होणारा स्कीमा सापडला नाही तरी खाली ‘व्हॅलिड’ दिसतं. तेव्हा टॅग नीट उघडले-मिटले आहेत का, एवढंच पाहिलेलं असतं. म्हणून आधी कोणता स्कीमा लागला आहे ते बघावं, मग निकालावर विश्वास ठेवावा.

गैरसमज : नेमस्पेसच्या पत्त्यावरून एडिटर स्कीमा आणतो.

तो पत्ता म्हणजे नुसतं नाव. तिथे काही असलंच पाहिजे असं बंधन नाही. एक्सएसडीमधलं ‘स्कीमालोकेशन’ हीसुद्धा सूचनाच आहे, प्रोसेसरने ती पाळलीच पाहिजे असं नाही. एनएक्सएमएल आपल्या वेगळ्या नियम-फाइलीतून स्कीमा शोधतो.

गैरसमज : मिश्र फाइलसाठी सगळे संग्रह सामावणारा एकच महास्कीमा लिहावा लागतो.

एनव्हीडीएल ही भाषा नेमकी या कामासाठी आहे. २००६ मध्ये ती आयएसओ मानक झाली. नेमस्पेस बदलला की ती फाइलचा तुकडा पाडते आणि प्रत्येक तुकडा त्याच्या-त्याच्या स्कीमाकडे पाठवते. अनोळखी तुकडा स्वीकारायचा की नाकारायचा, हेही तिच्यात स्पष्ट लिहिता येतं. ऑक्सिजन एडिटरमध्ये तिची सोय आहे. एक्सएसडीतही ‘एनी’ घटक वापरून परक्या नेमस्पेसला जागा देता येते, पण तिथे ‘लॅक्स’ हा पर्याय निवडला तर सावध राहावं : व्याख्या सापडली तरच तपासणी होते, नाहीतर घटक गुपचूप पुढे जातो. माझ्या मते ज्या फाइली वर्षानुवर्षं जपायच्या आहेत, त्यांच्यासाठी ‘स्ट्रिक्ट’च ठेवावं, आज चार चुका जास्त दिसल्या तरी चालेल.

तुकड्यांत तपासण्यालाही मर्यादा आहेच. एक्सएचटीएमएलमधली लिंक मॅथएमएलमधल्या ज्या समीकरणाकडे बोट दाखवते, ते समीकरण फाइलमध्ये खरंच आहे का? दोन्ही तुकडे आपापल्या जागी निर्दोष ठरतील आणि तुटलेली लिंक तशीच राहील. अशा संबंधांसाठी रिक जेलिफ यांनी घडवलेल्या स्कीमाट्रॉनचा नियम लिहावा आणि तो तुकड्यांवर नव्हे, अखंड फाइलवर चालवावा.